वजन १०८, ऑक्सिजन ८६ : फ्लूने आयसीयूपर्यंत नेलं त्याची हकीकत

२०२४ च्या पावसाळ्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून एकच गोष्ट विचारली. "तुला फ्लूच झाला होता ना? मग थेट आयसीयूत कशी गेलीस?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात माझ्यासारखं एखादं जाड माणूस आहे आणि त्याला ताप आला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

मी डॉक्टर नाही, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. डॉक्टरांनी सांगितलं ते, नंतर वाचलं ते आणि अंगावर आलं ते, एवढंच इथे आहे. तेव्हा माझं वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. माझा ४३ होता. जागतिक आरोग्य संघटना ३० पासून लठ्ठपणा मोजते, आपल्याकडचे डॉक्टर २५ लाच धरतात, कारण आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटाची चरबी आणि साखर लवकर दिसते. मधुमेह नव्हता. बीपीची एक गोळी चालू होती. रोज ऑफिसचा जिना चढायचे, घरचा स्वयंपाक करायचे. मला 'पेशंट' कुणी म्हटलं नसतं.

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, संध्याकाळी कणकण, रात्री १०२ ताप. त्या दिवसांत ताप म्हटला की सगळ्यांच्या डोक्यात डेंग्यू, नाहीतर चिकनगुनिया, आणि पुण्यात झिकाचे रुग्ण सापडत असल्याने त्याचीही कुजबुज. फॅमिली डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली आणि शुक्रवारी रक्त तपासायला सांगितलं. प्लेटलेट १ लाख ६० हजार, डेंग्यू निगेटिव्ह. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खोकला तेव्हा सुरू झाला होता, पण खोकल्याकडे कोण बघतंय!

शनिवारी रात्री आडवं पडताच येईना. पडलं की कुणीतरी छातीवर बसल्यासारखं व्हायचं, उठून बसलं की जरा बरं. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन रात्र काढली. रविवारी सकाळी नवऱ्याशी बोलताना तीन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत होता. कोविडच्या वेळचं पल्स ऑक्सिमीटर कपाटात होतं. सेल बदलून लावलं तर ८६. दुसऱ्या बोटाला लावलं. तिथेही ८६.

इथे एक सांगून ठेवते. वजन जास्त असेल आणि तापासोबत खोकला असेल तर हे यंत्र पहिल्या दिवसापासून वापरा, आणि बसून, मग आडवं पडून असं दोन्ही वेळा मोजा. आडवं पडल्यावर आकडा उतरत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. फ्लूचं औषध, म्हणजे ऑसेल्टामिव्हिर, पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा गुण सगळ्यात चांगला. हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर उशिरा का होईना, ते देतातच.

जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत व्हीलचेअरवर बसवून आत नेलं. सिस्टर केसपेपर भरत होत्या. नाव, वय झालं, मग "वजन?" मी धापा टाकत म्हणाले, "एकशे आठ." त्या न बघताच म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सचं नंतर बघू ताई, आधी वजन सांगा." त्यांना वाटलं, मी १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स मागतेय. मग मला भरल्या कॅज्युअल्टीत दुसऱ्यांदा, मोठ्याने, "किलो, एकशे आठ किलो" असं सांगावं लागलं. पलीकडच्या खाटेवरचे आजोबासुद्धा वळून बघायला लागले. आता हसू येतं. तेव्हा ऑक्सिजनपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

पण सिस्टरांनी तो आकडा विचारला हे फार बरं झालं. नाकाला ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला, दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढरा. घशाचा आणि नाकाचा स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिव्हिरची ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सुरू केली, दिवसातून दोनदा. मला वाटलं होतं माझ्या आकाराला डोस दुप्पट लागेल. तसं नसतं; मोठ्या माणसांना या औषधाचा डोस वजनाप्रमाणे बदलत नाही. स्वॅबच्या बाबतीत एक खर्चाची गोष्ट. वीस-पंचवीस जंतू एकदम तपासणारं महागडं पॅनल असतं आणि फक्त इन्फ्लुएन्झाची पीसीआर असते. आमच्या डॉक्टरांनी दुसरी सांगितली, साडेचार हजारांत झाली. पॅनल सुचवलं गेलं तर "यातून उपचार बदलणार आहेत का?" एवढं नक्की विचारा.

दुपारी डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन पुण्याला न्यायला सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. व्हेंटिलेटर इथेही आहे, पण नळी घालायची वेळ आली तर ह्यांच्या मानेचा आणि वजनाचा विचार करता ते काम अवघड जाणार, आणि अवघड काम तयारीच्या जागी झालेलं बरं. मला हे पडद्याआडून ऐकू येत होतं. पडद्याआड बोललेलं पेशंटला ऐकू जातं हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं.

डॉक्टर आणि ऑक्सिजनसह खाजगी कार्डिॲक ॲम्ब्युलन्सचे साडेनऊ हजार झाले. स्ट्रेचरवर आडवं झोपवून पट्टे बांधले आणि गाडी निघाली. खंबाटकीच्या अलीकडेच मी हात हलवायला लागले. मॉनिटरवर ८४. सोबतचा डॉक्टर अगदी तरुण, पण हुशार. त्याने ऑक्सिजन वाढवण्याआधी स्ट्रेचरची पाठ वर केली, पायांखाली चादरीची गुंडाळी सरकवली, मला जवळजवळ बसवलं. काही मिनिटांत ९०. नंतर पुण्यात मला त्यातलं गणित कळलं. आडवं पडलं की पोटाचं सगळं वजन छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला वर ढकलतं. श्वास सोडून झाल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी ती मग फार थोडी उरते. खालच्या भागातले हवेचे बारीक फुगे मिटतात, तिथून रक्त जातं पण ऑक्सिजन न घेताच परत येतं. निरोगी असतानाही जाड माणसात हे थोडंफार चालू असतंच. न्यूमोनिया त्याच खालच्या भागात येऊन बसला की शिल्लक संपते. म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये बसण्याआधीच सांगा: पाठ वर हवी, सपाट झोपवू नका.

पुण्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ. गुरुपौर्णिमेचा रविवार, त्यामुळे टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या टेबलावर, एकच मुलगा. डिपॉझिट ५० हजार भरलं, कॅशलेस मंजूर झाल्यावर त्यातलं समायोजित होणार होतं. लागलेले कागद: दोघांची आधार कार्डं, पॅन, पॉलिसीचं ई-कार्ड, साताऱ्याचे सगळे पेपर, एक्स-रेची प्लेट आणि रेफर केल्याची चिठ्ठी. ही चिठ्ठी नसती तर "पहिल्या हॉस्पिटलमधून का हलवलं?" ही क्वेरी हमखास आली असती. विमा कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२४ मध्येच नियम केला आहे की कॅशलेसच्या पहिल्या मागणीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा. आम्हाला पहिली मंजुरी खरंच लवकर आली, पण रक्कम छोटी, आणि सोबत प्रश्न: लठ्ठपणा केव्हापासून? झोपेत श्वास अडकण्याचा आजार आधीपासून होता का? पॉलिसीच्या वेळी सांगितला होता का?

इथे आमच्या एजंटचे आभार मानायला हवेत. काही वर्षांपूर्वी फॉर्म भरताना मी वजनाच्या रकान्यात ८० लिहूया म्हणत होते, त्याने मला चक्क काट्यावर उभं केलं आणि ९४ लिहिलं. त्या फॉर्मची प्रत फाइलमध्ये होती. घोरण्याबद्दल मी कधी कुठल्या डॉक्टरकडे गेलेच नव्हते, तसं प्रमाणपत्र इथल्या डॉक्टरांनी दिलं. क्वेरी मिटली. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं हॉस्पिटल आहे का ते दारातच विचारावं. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो आणि रेशन कार्ड हाताशी लागतं.

आत आयसीयूत माझ्यावर काम चालू झालं होतं. पहिल्यांदा वजन. खाटेलाच काटा होता, नुसतं झोपायचं, आकडा येतो. मग बीपी. नेहमीचा पट्टा माझ्या दंडाला पुरत नव्हता. सिस्टरने मोठा पट्टा मागवला. छोटा पट्टा ओढून-ताणून बसवला तर बीपी उगाच जास्त दाखवतो, हे मला माहीत नव्हतं. गेली कित्येक वर्षं माझं बीपी कुठल्या पट्ट्याने मोजत होते देव जाणे. शीर सापडेना, दोन्ही हात टोचून झाले. शेवटी सोनोग्राफीचं छोटं यंत्र आणून कोपराच्या वर सुई लावली. शीर न मिळण्याचा तुमचा इतिहास असेल तर "सोनोग्राफी लावून बघा" असं आधीच म्हणायला हरकत नाही, कुणी रागावत नाही. गाऊन मागून बंद होत नव्हता. नवऱ्याला घरून पुढून उघडणारे सैल गाऊन आणायला सांगितले, दुसऱ्या दिवशीपासून तेच घातले.

मनगटाच्या धमनीतून रक्त काढतात त्याला एबीजी म्हणतात. हे दुखतं. खोटं कशाला बोलू! पण माझी सगळी कथा त्या एका तपासणीवर फिरली. रक्तात ऑक्सिजन कमी होता हे माहीत होतंच. कार्बन डायऑक्साइडही वाढलेला निघाला, ५४. साधारण ४५ च्या आत हवा. आणि रक्ताचा एकूण हिशेब बघून आयसीयूच्या मॅडम म्हणाल्या की हे काही कालचं नाही, शरीराने याची सवय करून घेतलेली दिसते. झोपेत घोरता? सकाळी डोकं जड असतं? दुपारी टेबलावर डुलकी लागते? तिन्हीला हो. वजनामुळे श्वासच अपुरा घेतला जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठत राहतो, असा हा प्रकार. वर्षानुवर्षं असतो आणि न्यूमोनिया आला की उघडा पडतो.

याचा परिणाम म्हणजे माझ्या ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ ठरलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाटेशी लावलं. त्यावरून नवरा आणि मॅडम यांची चांगलीच जुंपली. कोविडमध्ये ९४ च्या खाली म्हणजे धोका, हे आपल्या सगळ्यांच्या मनावर कोरलं गेलं आहे. भेटायच्या वेळेत त्याने मॉनिटरवर ८९ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ऑक्सिजन वाढवा ना, पैशाचा प्रश्न नाही." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वाढवला तर आकडा छान दिसेल आणि ह्या झोपतील, उठणार नाहीत. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो. मला ह्यांचा श्वास मोठा करायचाय, त्याला बायपॅप लागेल." तो गप्प बसला, पण पटायला त्याला दोन एबीजी लागले.

बायपॅप म्हणजे नाका-तोंडावर घट्ट मास्क आणि यंत्र प्रत्येक श्वासाला आत हवा ढकलतं. पहिला तास भयंकर. खिडकीबाहेर तोंड काढून धावत्या एसटीत बसल्यासारखं वाटतं आणि आपण घुसमटतोय असंच मन सांगत राहतं. सिस्टरने मास्क पट्टे न लावता नुसता हाताने धरून ठेवला, "ताई, त्याच्याशी भांडू नका, तो ढकलेल तेव्हा घ्या." मग जमलं. नाकाच्या हाडावर जखम होते, ती व्हायच्या आधीच तिथे जेलची पट्टी मागून घ्या. जेवायला, औषधाला थोडा वेळ मास्क काढायचे, तेव्हा नाकातून जोराचा गरम दमट ऑक्सिजन.

सोमवारी रिपोर्ट आला: इन्फ्लुएन्झा ए, एच१एन१. म्हणजे आपला जुना 'स्वाइन फ्लू'. सासूबाईंचा फोनवर आवाजच बदलला. पुणे आणि हे नाव यांचं नातं तसं आहेच. देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, ३ ऑगस्ट २००९ ला, १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. आता तो विषाणू दरवर्षीच्या साध्या फ्लूंपैकीच एक झाला आहे, पण नाव ऐकून आजही धडकी भरते.

मी मॅडमना तोच प्रश्न विचारला जो मला आता सगळे विचारतात. माझ्या मुलालाही तेव्हा ताप होता, तो तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळायला गेला. मीच का? त्यांनी राउंड संपल्यावर खुर्ची ओढून सांगितलं. २००९ पर्यंत फ्लूच्या धोक्याच्या यादीत म्हातारे, गरोदर बायका, दमेकरी, हृदयरोगी असायचे. लठ्ठपणाला वेगळा धोका म्हणून कुणी मोजत नव्हतं. त्या साथीत ते पहिल्यांदा डोळ्यांवर आलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या आयसीयूत एच१एन१ ने फुप्फुसं निकामी झालेले १० रुग्ण होते, त्यांतले ९ लठ्ठ निघाले, ७ जणांचा बीएमआय ४० च्या वर. आणि त्या दहांपैकी ५ जणांच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. कोविडमध्ये पुन्हा तेच चित्र. फ्रान्समधल्या लील शहरात १२४ आयसीयू रुग्णांचा हिशेब मांडला गेला, त्यात बीएमआय जसा चढला तसं व्हेंटिलेटर लागणाऱ्यांचं प्रमाणही चढत गेलं.

फुप्फुस दाबलं जाण्याचा भाग वर लिहिलाच. दुसरा भाग रक्तातला. चरबी नुसती साठून पडलेली नसते, ती लेप्टिनसारखी संप्रेरकं आणि सूज वाढवणारी रसायनं सतत सोडत असते. त्यामुळे अंगात कायमची बारीक धग असते. विषाणू आला की पहिला बंदोबस्त ढिला पडतो आणि नंतरची सूज आवरत नाही. विषाणूही जास्त दिवस मुक्काम करतो. निकाराग्वामधल्या २०१८ च्या एका अभ्यासात लक्षणं असलेल्या लठ्ठ माणसांच्या नाका-घशातून इन्फ्लुएन्झा ए ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत राहिला. म्हणून घरी आल्यावरही मी मास्क लवकर सोडला नाही.

गुठळ्यांचं ऐकून पोटात टोचायच्या इंजेक्शनचं कोडं सुटलं. रक्त पातळ ठेवायचं औषध रोज पोटाच्या कातडीखाली देत होते, आणि त्याचा डोस मात्र वजन बघून ठरवला होता. पोटावर निळे-काळे डाग पडतात, पंधरा दिवसांत जातात.

मंगळवारी रात्री ताप पुन्हा चढला, श्वासाचा वेग ३६ वर. नवऱ्याकडून हाय रिस्क कन्सेंटवर सही घेतली. त्यावर 'नळी घालणे अवघड' असं लिहिलेलं वाचून तो खाली जाऊन जिन्यात बसला होता, हे मला महिन्याने कळलं. कारण असं की नळी घालताना थोडा वेळ श्वास थांबतो. बारीक माणसाच्या फुप्फुसात तेवढ्या वेळाची शिल्लक असते, आमच्यासारख्यांची भराभर संपते. म्हणून मॅडमनी नळीची ट्रॉली, कॅमेऱ्याचं यंत्र, उशांचा उतार असं सगळं माझ्या खाटेशेजारी आधीच मांडून ठेवलं होतं. मला ती तयारी बघून भीती वाटायला हवी होती. उलट बरं वाटलं. कुणीतरी माझ्या वजनाचा नाक न मुरडता विचार केला होता.

मग कूस बदलायचा कार्यक्रम. पालथं झोपल्याने फुप्फुसाचा मागचा भाग उघडतो, कोविडमध्ये सगळ्यांनी ऐकलंय, पण माझ्या पोटाला ते झेपेना. हॉस्पिटलच्या दोन मावशी, एक मामा आणि फिजिओथेरपिस्ट मुलगी यांनी छातीखाली आणि कमरेखाली उशा घालून मधे पोटाला पोकळी ठेवली. तरी थोडा वेळच जमायचं. बाकी वेळ डाव्या-उजव्या कुशीवर, पाठ वर करून. गुरुवारी पहाटे आकडा ९१ वर टिकला.

तो गुरुवार म्हणजे २५ जुलै. बाहेर पुण्यात पावसाने हाहाकार केला होता, खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नवरा त्याच भागात चुलतभावाकडे उतरला होता, त्याला दिवसभर येता आलं नाही. मला आत काहीच कळत नव्हतं, फक्त सिस्टर ड्युटी संपूनही घरी गेली नव्हती आणि तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने स्वतःच्या मोबाइलवरून नवऱ्याला फोन लावून दिला. आयसीयूत दाखल करताना दुसऱ्या एका नातेवाइकाचा नंबरही लिहून द्या, सही करू शकेल अशा माणसाचा.

शनिवारनंतर उतार पडला. बायपॅप फक्त रात्री, मग वॉर्ड. आम्ही मुद्दाम दोन खाटांची खोली घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती आणि त्याहून महाग खोली घेतली की डॉक्टरांची फीसुद्धा त्या प्रमाणात कापली जाते. ह्याच वॉर्डात नातेवाईक भेटायला येऊ लागले आणि भाषणं सुरू झाली. "तरी मी म्हणत होते, वजन कमी कर." केळ्याची पिशवी हातात देता देता हेच. मॅडम एकदा नेमक्या तेव्हाच आल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "ते बघूच हो, आधी ह्यांना संडासापर्यंत चालू दे." माझंही मत तेच आहे. न्यूमोनियात आठवड्याभरात वजन उतरवून काही साधत नाही, उलट जे उतरतं ते बरंचसं स्नायूंचं. आजारपणात वजन हा डॉक्टरांना सांगायचा आकडा आहे, जसा रक्तगट किंवा औषधाची ॲलर्जी. घरच्यांनी तो लपवूही नये आणि पेशंटच्या तोंडावर मारूही नये.

मॅडमनी आणखी एक विचित्र गोष्ट सांगितली होती. लठ्ठ लोक फ्लूने आयसीयूत जास्त येतात, यंत्रं जास्त लागतात, हे खरं. पण फुप्फुसं निकामी होऊन आयसीयूत आलेल्यांची तुलना केली तर काही अभ्यासांत लठ्ठ रुग्ण बारीक रुग्णांपेक्षा जास्त वाचलेले दिसतात. कारणांवर डॉक्टरांचा वाद चालू आहे. कदाचित आम्हाला लवकर आयसीयूत घेतात, लक्ष जास्त ठेवतात. मला त्यातून दिलासा मिळाला, आत्याबाईंना मी मुद्दाम सांगितलं.

१ ऑगस्टला डिस्चार्ज. त्याआधी सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन मोजला, कमीत कमी ९१. अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी असा नियम आहे. आमची सकाळी मागितली, संध्याकाळी आली, तोवर मी घरचे कपडे घालून खाटेवर. एकूण बिल ३ लाख १८ हजारांच्या आसपास, विम्याने २ लाख ७० हजारांवर दिले. हातमोजे, मास्क, नळ्या, डायपर असल्या वस्तू आमच्या माथी. बायपॅपचा मास्कही आम्हीच भरला, ३,८०० रुपये, म्हणून नवऱ्याने तो पिशवीत घालून घरी आणला. कृपा करून तो घरच्या यंत्राला लावू नका. हॉस्पिटलच्या बऱ्याच मास्कना सोडलेला श्वास बाहेर जायला भोक नसतं, घरच्या यंत्राच्या मास्कना असतं. दोन्ही दिसायला सारखेच. साताऱ्याचं बिल, ॲम्ब्युलन्स आणि नंतरची औषधं यांचा क्लेम वेगळा करावा लागला. मूळ पावत्या आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत लागते, मुदत पॉलिसीत बघा.

घरी आल्यावर थकवा फार होता. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा व्यायाम, अंगणात फेऱ्या. ऑफिसला सप्टेंबरमध्ये रुजू झाले. त्याच महिन्यात झोपेची तपासणी केली. यंत्र घरी आणून लावतात, नऊ हजार. तासाला ४६ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र. आधी महिनाभर सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, भाड्याने घेतलं, चार हजार, सवय होते का ते बघायला. मग ४८ हजारांना विकत. विम्यातून मिळालं नाही. पण दुपारची डुलकी बंद झाली आणि नवऱ्याला बऱ्याच वर्षांनी शांत झोप लागली. डिसेंबरमध्ये पुन्हा एबीजी केला, कार्बन डायऑक्साइड ४६.

वजन सध्या ९९. त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल, आणि इथे विचारू नका.

पर्समध्ये एक चिठ्ठी असते: वजन, उंची, सीपॅप वापरते, ऑक्सिजन ८८ ते ९२ ठेवावा, सपाट झोपवू नये, खाली मॅडमचा शिक्का. फ्लूची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात घेतली. आमच्यासारख्यांत लसीचा परिणाम वर्षभरात जास्त लवकर उतरतो असं दिसलंय, म्हणून चुकवायची नाही. अठराशे रुपये. ९० किलोच्या वरच्या बायकांना लस स्नायूत पोचायला दंडात दीड इंची सुई लागते, नाहीतर ती चरबीतच राहते. लशीसोबत आलेली सुई आखूड होती; कंपाउंडरला दीड इंची मागितली तर तो आधी माझ्याकडे आणि मग डॉक्टरांकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे, शेजारच्या मेडिकलमधून आण." माझ्यामागोमाग नवऱ्याने घेतली, त्याला आखूड चालली.